परसातलं गवत : इंदूरचा ढीग, पुसदचं टाकं आणि आपला उकिरडा



श्रावणात कंधारच्या कुठल्याही गल्लीतून किंवा मन्याडकाठच्या कुठल्याही गावातून चक्कर मारा. घराच्या मागे, न्हाणीच्या पाण्याला, गोठ्याच्या कडेला गुडघाभर गवत माजलेलं दिसेल. पोळ्याच्या आधी विळा लागतो, घटस्थापनेच्या आधी दुसऱ्यांदा लागतो. कापलेलं गवत कुंपणापलीकडे फेकलं जातं, तिथं चार-आठ दिवस वाळतं आणि मग कुणीतरी त्याला काडी लावतं. आमच्या रेडिओ कार्यक्रमात पावसाळा सरत आला की हा प्रश्न हमखास येतो : घराभोवतीच्या गवताचं करायचं काय?

उत्तर दोन ओळींत देता येईल, आणि पुढं दिलंही आहे. पण या दोन ओळींपर्यंत पोचायला माणसांना फार वर्षं लागली. त्यात आपली मराठी माणसंही होती. ती हकीकत एकदा नीट कळली, तर काय करायचं हे पाठ करावं लागत नाही, म्हणून आज आधी ती सांगतो.

सुरुवात आपल्याच मुलखातून करू. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात शेतकऱ्याच्या कर्जाची आणि अज्ञानाची हकीकत आहे हे आपण ऐकलेलं असतं, पण जमिनीच्या खताचीही आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. डोंगरावरचं गवत, पालापाचोळा, मेलेले किडेमुंग्या हे सगळं वळवाच्या पावसाबरोबर वाहून जातं, त्याचा सत्त्वांश शेतात मुरला पाहिजे, त्यासाठी ताली-बंधारे घातले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. हे काम सरकारनं पदरी असलेल्या रिकाम्या शिपायांकडून करून घ्यावं, असंही त्यांनी सुचवलं होतं. कुजलेलं गवत म्हणजे जमिनीची भाकरी, ही गोष्ट पुण्याच्या या माळी समाजातल्या माणसाला कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होती.

पुढं इंग्रज सरकारनं डॉ. व्होएलकर नावाचे एक रसायनतज्ज्ञ विलायतेहून बोलावले. ते १८८९ च्या अखेरीस इथं आले, देशभर हिंडले आणि १८९३ साली त्यांचा अहवाल छापून आला. शेतकऱ्याला शेती येत नाही, अशी त्या वेळच्या साहेबांची समजूत होती. व्होएलकरांनी ती खोडून काढली. अडचण कुठं आहे हेही त्यांनी दाखवलं : सरपण नाही म्हणून शेणाच्या गोवऱ्या चुलीत जातात आणि शेत उपाशी राहतं.

आता इंदूरला जाऊ. इंदूर म्हणजे होळकरांचं संस्थान. अहिल्यादेवींचं माहेर आपल्या महाराष्ट्रातलं चोंडी, त्यामुळं ते आपल्याला परकं नाही. माळव्याची जमीनही आपल्यासारखीच काळी, पीकही आपलंच, कापूस आणि ज्वारी. तिथं १९२४ साली एक संशोधन संस्था उभी राहिली, इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री. जमीन होळकर दरबारनं दिली होती आणि पैशाचा मोठा वाटा मध्यवर्ती कापूस समितीचा होता. संस्थेचे प्रमुख होते अल्बर्ट हॉवर्ड. ते १९०५ साली हिंदुस्थानात आले आणि बिहारातल्या पुसा इथं वनस्पतितज्ज्ञ म्हणून त्यांनी बरीच वर्षं काम केलं. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि दोघांचं काम बरोबरीनं चाललं. त्या १९३० साली वारल्या.

पुढच्याच वर्षी, १९३१ साली, इंदूरच्या कामावरचं पुस्तक निघालं. शेतातल्या टाकाऊ वस्तूंपासून खत, हाच त्याचा विषय. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावं आहेत. पहिलं हॉवर्ड यांचं आणि दुसरं यशवंत डी. वाड, एम.एस्सी. यांचं. वाड हे त्या संस्थेत रसायन विभागाचे मुख्य साहाय्यक होते. पुढं जगभर हॉवर्ड यांचं नाव झालं. सेंद्रिय शेतीचं कुठलंही पुस्तक उघडा, त्यात ते सापडतं. वाडांचं नाव मात्र मागं पडलं. कुजणाऱ्या ढिगात नत्र किती, कर्ब किती, उष्णता किती चढते, हे रसायनाचं काम होतं आणि वाड रसायनाच्या बाजूचे होते. मला तरी वाटतं, हे नाव आपल्या मुलांना शाळेत शिकवायला हवं.

इंदूरला त्यांनी नवं असं काय केलं? कुजवून खत करणं जुनंच आहे. चिनी शेतकरी ते शतकानुशतकं करत आलेत. किंग नावाच्या अमेरिकन माणसाचं त्यावरचं पुस्तक १९११ साली आलं होतं आणि हॉवर्ड यांनी ते बारकाईनं वाचलं होतं. इंदूरला त्यामागचा हिशेब बसवला गेला. काडीकचरा कुजवणारे जीव डोळ्यांना न दिसणारे, पण त्यांनाही आपल्यासारखं जेवण लागतं. कर्ब म्हणजे त्यांची भाकरी आणि नत्र म्हणजे त्यांचं वरण. पऱ्हाटी, तुराटी, धसकटं, वाळलेलं गवत यांत भाकरी भरपूर पण वरण नाही, म्हणून ती वर्षभर पडून राहिली तरी कुजत नाहीत. शेण, गोमूत्र, हिरवा ताजा पाला यांत वरण जास्त. दोन्ही एकत्र आले, ओल राहिली आणि हवा मिळाली, की तीन महिन्यांत खत तयार.

कर्ब साधारण तीस भाग आणि नत्र एक भाग, असं मिश्रण चांगलं कुजतं. ताज्या हिरव्या गवतात हे प्रमाण विसाच्या आसपास असतं. शेणाचंही जवळपास तेवढंच. वाळलेल्या काडाचं साठ, ऐंशी, कधी त्याहून वर जातं. म्हणजे हिरवं गवत हे शेणाचं धाकटं भावंड आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

इंदूरची रीत मोठ्या शेताची होती. खड्डा तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल, कडा उतरत्या. त्यात काडीकचऱ्याचा थर, त्यावर गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि चुलीची राख, त्यावर शेण, पुन्हा काडीकचरा. गोठ्याच्या जमिनीवर मातीचा थर पसरून ठेवायचा, बैलांचं मूत्र त्यात मुरू द्यायचं आणि दर तीन-चार महिन्यांनी ती माती उकरून खतात घालायची. फरशी केली की मूत्र वाहून जातं, मातीत ते राहतं. पऱ्हाटीसारख्या टणक काड्यांचं त्यांनी काय केलं, ते ऐकून आमच्या एका शिबिरात सगळे हसले होते. शेतातल्या गाडीवाटेवर त्या पसरून ठेवायच्या. येता-जाता गाड्यांची चाकं आणि बैलांचे खूर त्यांचा भुगा करत. यंत्र नाही, मजुरी नाही. आपल्याकडं आजही हे जमतं, फक्त बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टरचं चाक.

इंदूरच्या दोन गोष्टी गवताशी थेट संबंधित आहेत आणि त्याच लोक विसरतात. पहिली अशी की हिरवा माल तोडल्याबरोबर खड्ड्यात घालायचा नाही, आधी सुकू द्यायचा. ओलाकच्च हिरवा माल दाबून भरला की हवा कोंडते आणि खत न होता मुरघास होतो. दुसरी अशी की पावसाळ्यात खड्डा वापरायचा नाही. काळ्या जमिनीत खड्ड्यात पाणी साचतं. पावसाळ्यासाठी त्यांनी जमिनीवरच ढीग घातले, तळाशी साधारण आठ फूट लांब-रुंद आणि दोन फूट उंच.

पहिली गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. बी.एस्सी.ला परीक्षेत लिहिलीही होती. तरी कंधारला बदलून आलो त्या पहिल्या पावसाळ्यात माझ्या हातून नेमकी तीच चूक झाली. भाड्याच्या घरामागं गवत फार होतं. रविवारी सकाळी बसून सगळं कापलं आणि ओलं ओलंच कोपऱ्यात एक खड्डा करून दाबून भरलं. वरून पायानं तुडवलं. कृषी अधिकाऱ्याच्या घरी खत कसं होतं ते गल्लीनं बघावं, असा डोक्यात भलताच विचार. आठ-दहा दिवसांत तिथं हिरवट-काळा चिखल झाला. असला वास सुटला की दारं-खिडक्या लावून घ्याव्या लागल्या. माश्या तर विचारू नका. शेजारच्या मावशी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय करायलाव साहेब?"

"मावशी, खत करायलो."

"खत? जनावर न्हाई दारात अन् मुरघास कुनाला घालायलाव?"

मावशींनी इंदूरचं पुस्तक वाचलेलं नव्हतं. मी वाचलं होतं. त्यांनीच मग त्यांच्या वाड्यातलं सोयाबीनचं भुसकट चार टोपल्या दिलं. मी तो चिखल वर काढला, पसरला, भुसकट आणि कोरडी माती मिसळून पुन्हा सैल ढीग घातला. तीन-चार दिवसांत वास गेला. दिवाळीपर्यंत चांगलं काळं खत झालं. त्यातलं अर्धं मावशींच्या वांग्यांना गेलं, ते योग्यच झालं.

इंदूरच्या रीतीचा देशभर बोलबाला झाला. १९३५ च्या एप्रिल महिन्यात हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले होते, तेव्हा त्यांनी या संस्थेत जाऊन हे काम पाहिलं. मग 'हरिजन' पत्रातून इंदूरच्या खताची माहिती खेड्यांतल्या कार्यकर्त्यांपर्यंत गेली. पण या रीतीत एक कष्टाचं काम होतं. ढीग पलटावा लागतो, तोही एकदा नाही, तीनदा. ज्याच्याकडं माणसं आहेत त्याला ते जमतं. लहान शेतकऱ्याला पेरणी-कोळपणीच्या दिवसांत ते जमत नाही.

ही अडचण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या डॉ. सी. एन. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास हाती घेतली. त्यांचा विचार मुख्यतः शहरांचा होता, म्हणजे गावचा केर आणि मैला यांचं खत कसं करावं याचा. चरात थर घालायचे, वरून मातीनं बंद करायचं आणि पलटायचं नाही. सुरुवातीला उष्णता चढते, नंतर हवेवाचून हळूहळू कुजत राहतं. वेळ लागतो सहा ते आठ महिने. बऱ्याच नगरपालिकांनी ही रीत उचलली. १९५२ नंतर समूह विकास योजनेचे ग्रामसेवक खेड्यापाड्यांत कंपोस्टचे खड्डे खणून घेऊ लागले, ते याच दोन रीतींच्या मिश्रणावर. आपल्याकडं त्यांतले कित्येक खड्डे पावसाळ्यात पाण्यानं भरत. शेवटी त्यांचा उकिरडाच झाला. त्याचा दोष शेतकऱ्याला देणं बरोबर नाही. काळ्या जमिनीत पावसाळ्यात खड्डा चालत नाही, हे इंदूरच्या मंडळींनी आधीच सांगून ठेवलेलं होतं.

मग युरियाची गोणी आली, संकरित ज्वारी आली आणि उकिरड्याकडं कुणी पाहीना. त्याबद्दल मी टीका करणार नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी भोगला त्यांना दाणे हवे होते आणि गोणीनं दाणे दिले. पण सेंद्रिय माल परत न गेल्यानं जमीन कडक झाली, पाणी धरेनाशी झाली, हेही आपण पाहतो आहोत.

यानंतरची पायरी आपल्या शेजारची आहे. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यातलं पुसद लागतं. तिथं नारायण देवताव पांढरीपांडे नावाचे गांधी विचारांचे कार्यकर्ते होते. खेड्यात हिंडताना त्यांना दिसलं की काडीकचरा भरपूर आहे, माती आहे, फक्त शेण पुरत नाही. तेव्हा प्रश्न असा की कमीत कमी शेणात जास्तीत जास्त खत कसं होईल? वर्षानुवर्षं खटपट करून त्यांनी विटांचं एक टाकं बसवलं. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'नाडेप' म्हणतात आणि त्यांना लोक नाडेपकाका म्हणत.

टाकं दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतीत जागोजागी भोकं, हवा आत जावी म्हणून. हवेची सोय भिंतीनंच केली, म्हणून पलटायचं काम नाही, आणि टाकं जमिनीच्या वर आहे म्हणून पाणी साचायचं भय नाही. आत सहा इंच काडीकचरा, त्यावर चार किलो शेण सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवून शिंपडायचं, त्यावर पन्नास-साठ किलो चाळलेली कोरडी माती. असे अकरा-बारा थर. वरून शेणमातीनं लिंपून घ्यायचं. पंधरा-वीस दिवसांनी माल खाली बसतो, मग पुन्हा भरून लिंपायचं. एका टाक्याला काडीकचरा सुमारे चौदाशे-पंधराशे किलो लागतो आणि शेण मात्र नव्वद ते शंभर किलोच. तीन-चार महिन्यांनी जवळजवळ तीन टन खत निघतं. त्यात बरंचसं वजन मातीचं आहे हेही खरं. तीन टनाचा आकडा ऐकून सगळं शेणखताच्या तोडीचं समजू नये. तरी शंभर किलो शेणात एवढं दुसऱ्या कुठल्या रीतीनं होत नाही.

आता ही सगळी हकीकत मागं वळून पाहा. इंदूरला शेण-मूत्र होतं, ते वाया जात होतं. बंगळूरच्या रीतीनं पलटायचे कष्ट वाचवले. पुसदला शेणच कमी होतं. आज आपल्या गावात पुसदसारखीच स्थिती आहे, उलट जास्तच. ट्रॅक्टर आला, बैलजोड्या विकल्या, पुष्कळ घरांपुढं एक शेळी सोडली तर जनावर नाही. शेण विकत घ्यावं लागतं. अशा वेळी घरामागचं हिरवं गवत, ते शेणाचं धाकटं भावंड, आपण वाळवून पेटवतो. वाळताना त्यातलं थोडं नत्र उडतं आणि पेटवल्यावर उरलेलंही जातं. हाती राहते ती राख.

म्हणून परसातल्या गवताचं असं करावं.

जे गवत जनावर खातं ते आधी जनावराला. दारात गाय-शेळी असेल तर खताचा विचार नंतर. मात्र तणनाशक मारलेलं गवत जनावरालाही नको, ढिगातही नको आणि झाडाच्या बुडाशी तर मुळीच नको. टू-फोर-डीसारखं औषध फवारलेल्या गवतानं मिरची, वांगी, टोमॅटोची पानं आकसतात.

बाकीचं गवत फुलोऱ्याआधी कापावं, बी पडण्याच्या आधी. गाजरगवताला तर हे फारच लागू आहे. आपल्या देशात हे तण पुण्याला १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आलं आणि आज बांधाबांधावर आहे. फुलापूर्वी हातमोजे घालून उपटलं तर त्याचं खत होतं. फूल आल्यावर ढिगात घातलं तर पुढच्या वर्षी परसभर तेच. हराळी, कुंदा आणि लव्हाळा यांना वेगळी वागणूक हवी. हराळी-कुंद्याच्या कांड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी घरगुती ढिगात मरत नाहीत. त्या पत्र्यावर किंवा खडकावर कडक उन्हात पुरत्या वाळवाव्यात. लव्हाळ्याच्या गाठी तरीही ढिगात घालू नयेत.

कापलेलं गवत एक-दोन दिवस पसरून सुकवावं. मग सुकलेल्या हिरव्या गवताची एक टोपली, कोरड्या मालाच्या दोन टोपल्या, म्हणजे भुसकट, पाचोळा, पऱ्हाटीचा भुगा, असं मिसळत जावं. अधूनमधून घमेलंभर माती किंवा जुनं खत टाकावं आणि असेल तर शेणकाला शिंपडावा. नसेल तर अडत नाही, हिरवं गवत ते काम बरंचसं करतं. ढीग तीन फुटांहून लहान करू नये, नाहीतर आत उष्णता धरत नाही. मूठभर माल दाबला की एक-दोन थेंब पडावेत. धार लागली तर कोरडं मिसळा, थेंबही आला नाही तर पाणी शिंपडा. पंधरवड्यानं एकदा पलटा. पलटायला जमत नसेल तर जुन्या विटांचं भोकांचं छोटं टाकं रचा, चिखलात रचलं तरी चालतं.

ढीग घालायचाच नसेल तर सुकलेलं गवत वांगी, मिरची, लिंबू, कढीपत्ता यांच्या बुडाशी दोन बोटं जाडीचं आच्छादन म्हणून पसरावं. उन्हाळ्यात याचा मोठा उपयोग होतो, ओल टिकते आणि घागरी वाचतात. खोडापासून चार बोटं जागा मोकळी ठेवावी, नाहीतर वाळवी आणि बुडकूज. ऐन पावसात मात्र जाड थर घालू नका. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिव भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनचं कोवळं पीक कसं फस्त केलं ते आपण पाहिलं आहे. ओल्या गवताखालची सावली त्यांना फार आवडते. झड उघडल्यावर, नवरात्रानंतर आच्छादन घालणं बरं.

पोळ्याच्या सुमारास घातलेला ढीग दिवाळीनंतर उघडावा. माल काळसर, भुसभुशीत असावा आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास यावा. अजून गरम लागत असेल तर पंधरा दिवस थांबा. चाळणीतून खाली पडलेलं खत वाफ्यात वापरावं. वर राहिलेल्या काड्या टाकून देऊ नयेत, त्या पुढच्या ढिगाच्या तळाला घालाव्यात.